लेकरू हरवलं की शोध कुठून सुरू करायचा

तुमचा प्रश्न असा आहे: "शेजारच्या गावात पाच वर्षांचा मुलगा संध्याकाळी हरवला. आम्ही चाळीसेक पोरं बॅटऱ्या घेऊन गेलो. नाला, पांदण, डांबरी रस्ता, सगळं रात्रभर फिरलो. सकाळी मुलगा त्याच्याच घरामागच्या कुटाराच्या (पिकाच्या भुशाच्या) ढिगात झोपलेला सापडला. पुन्हा कुठे असं झालं तर आम्ही स्वयंसेवकांनी नेमकं काय करायचं?"

मूल सुखरूप सापडलं हे फार बरं झालं. तुम्ही रात्र जागवलीत, तेही गावानं विसरू नये. पण चाळीस माणसं दोन किलोमीटरवरचा नाला बघत होती आणि घरामागचं कुटार कोणी हातानं उकरून पाहिलं नाही, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी बरीच वर्षं पोलीस पाटील होतो. अशा शोधांत गाव उभं केलं, आणि आता तालुक्यातल्या तरुणांना हेच शिकवतो. माझं ठाम मत आहे की शोधात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे "या जागी मूल नाही" हे छातीवर हात ठेवून सांगता येणं. एकच वावर नीट पाहून खरं सांगणारा माणूस रात्रभर गाडीवर घिरट्या घालणाऱ्या दहा जणांपेक्षा उपयोगी पडतो.

आता क्रमानं सांगतो.

मूल दिसत नाही हे कळल्यावर घर आणि आजूबाजूची घरं पाहायला फार तर अर्धा तास लागतो. ते चालू असतानाच एकानं ११२ ला फोन लावायचा आणि पोलीस पाटलाला उठवायचं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तिथंही कळवायचं. "चोवीस तास वाट पाहा, मग तक्रार घेतात" असं आजही पारावर बसलेली जाणती माणसं सांगतात. ते साफ चूक आहे. सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी आदेश दिला की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा, मूल पळवलं गेलं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली लागायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२) लागतं. हद्दीचं कारणही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, ते ठाणं ती पुढं पाठवतं. वीटभट्टीवरच्या, जिनिंगमधल्या किंवा कापूस वेचायला मेळघाटातून आणि मध्य प्रदेशातून आलेल्या मजुराचं मूल हरवलं, तर त्या आईबापाला ठाण्याची पायरी चढायचीच भीती वाटते. अशा वेळी गावातल्या दोघांनी त्यांच्यासोबत जावं, तक्रार लिहून होईपर्यंत शेजारी बसावं आणि तक्रारीची प्रत त्यांच्या हातात पडल्यावरच उठावं. माझ्या लेखी हे शोधाइतकंच मोठं काम आहे. सरपंचाच्या नातवासाठी अख्खं गाव निघतं आणि भट्टीवरच्या पोरीसाठी चार जण, हे मी पाहिलं आहे आणि ते मला आजही सहन होत नाही.

मग घर. घरचे म्हणतात, "अवो, सगळं पाह्यलं." ते खोटं बोलत नसतात. पण घाबरलेला माणूस जागा पाहत नाही, तो मूल पाहतो. दारात उभं राहून नजर फिरवतो आणि पुढं पळतो. म्हणून घराबाहेरच्या दोन शांत माणसांनी घरातल्या एकाला सोबत घेऊन पुन्हा पाहायचं. झाकण असलेली प्रत्येक गोष्ट उघडायची आणि ज्यात मूल मावेल त्या प्रत्येक जागी हात घालायचा. दिवाण, कपाट, बंद पडलेला फ्रीज, धान्याची कोठी, पाण्याची टाकी, दारात उभी असलेली जीप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतली ताडपत्री, ढोरांचा कोठा, सांदवाडी म्हणजे परसबाग. दिवाळीनंतर आपल्याकडे भाव वाढायची वाट पाहत खोल्या कापसानं भरलेल्या असतात. पोरं त्या गंजीवर उड्या मारतात आणि कापूस वरून घसरला की आत दबतात. तिथं आवाजही बाहेर येत नाही. कापसाची खोली असेल तर पहिल्या दहा मिनिटांत ती रिकामी करायला घ्या. सोयाबीनची सुडी, तुरीचं कुटार, पऱ्हाट्यांचा ढीग इथंही काठी खुपसू नका, हातानंच उकरा. आणि तासाभरानं हे सगळं पुन्हा पाहा, कारण मूल एका जागी थांबत नाही. मघाशी रिकामी असलेली जागा आता भरलेली असू शकते.

घर पाहताना जोडीला पाणी. खरं तर माणसं असतील तर दोन्ही एकाच वेळी. झोपलेलं मूल पहाटेपर्यंत तग धरतं, पाण्यात पडलेल्या मुलाकडे काही मिनिटं असतात. त्यामुळे लहान मूल हरवलं की शेवटचं दिसलेल्या जागेपासून चारी बाजूंनी जेवढं पाणी आहे तेवढं आधी पाहायचं, मग घराबाहेरचं बाकी काही. पश्चिम विदर्भात विहिरी आणि नाले जास्त. पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे माजी मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेले) तलाव आणि बोड्या म्हणजे छोटी तळी हजारोंनी आहेत. शेतातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो आणि पावसाळ्यात काठावर गवत वाढलं की विहीर कुठे सुरू होते ते मोठ्या माणसालाही कळत नाही. शेततळ्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. आत प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, उतार तीव्र. पोहता येणारा मुलगाही त्यात पडला की वर चढू शकत नाही. काठावर चप्पल, बाटली, दप्तर, कपडे दिसतात का ते पाहा. दिसले तर हात लावू नका, एक माणूस तिथंच उभा करा.

विहिरीबाबत दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. काठावर गर्दी करू नका, पावसात भिजलेली बांधणी वजनानं ढासळते. आणि जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत कोणीही घाईनं उतरायचं नाही. तळाशी विषारी वायू साचलेला असतो. पहिला माणूस बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच विहिरीतून सगळी प्रेतं निघतात. उतरायचं काम पोलीस आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून येणाऱ्या पथकाचं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपूरला असते, तहसीलदारामार्फत ती मागवता येते. पण नागपूरहून गाडी येईपर्यंत वेळ जातो, म्हणून तलावाच्या गावात मी आधी ढिवर आणि भोई समाजाच्या माणसांकडे जातो. कोणत्या तलावात गाळ किती, झाडांची खोडं कुठे, प्रवाह कुठे ओढतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्यांना मान देऊन बोलवा आणि रात्रभर काम करवून घेतलं तर त्यांच्या बुडालेल्या मजुरीचंही बघा. कालवा असेल तर पाटबंधारे खात्याच्या माणसाला फोन करून पाणी कमी करायला सांगायचं. सिमेंटच्या कालव्यात मूल पडल्या जागी राहत नाही, ते खाली दरवाजाकडे किंवा पुलाच्या जाळीकडे जातं, म्हणून एक तुकडी आधी तिकडे धाडायची.

बंद बोअर राहिलीच. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच नियम घालून दिले आहेत. खोदताना भोवती कुंपण, तोंडावर लोखंडी झाकण, आणि सोडून दिलेली बोअर माती-दगडांनी भरून टाकणं. तरीही शेतात पोतं घातलेली, नुसता दगड ठेवलेली तोंडं दिसतातच. शोधताना बोअर उघडी दिसली तर तोंडाशी कान लावून ऐका, पण दोर, गळ, काठी काहीही आत सोडू नका आणि भोवतीची माती पायानं आत ढकलली जाऊ देऊ नका.

आता मूल कसं वागतं ते समजून घ्या, कारण जागा त्यावरून ठरते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपण हरवलो हेच कळत नसतं. ते कुत्र्याच्या पिल्लामागं, कोंबडीमागं जातं, थकलं की आडोसा पाहून झोपतं. असं मूल बहुधा जवळच असतं आणि हाकेला उत्तर देत नाही. चार ते सहा वर्षांचं मूल ओळखीच्या वाटेनं निघतं: आजीचं घर, अंगणवाडी, बापाचं वावर. वाट चुकली की एखाद्या खोलगट जागी बसून राहतं. सात-आठच्या पुढचं मूल मात्र लपतं. मार बसेल म्हणून, पैसे हरवले म्हणून, शाळेत काही झालं म्हणून. बॅटऱ्या घेऊन ओरडत येणारी चाळीस माणसं पाहून ते आणखी आत सरकतं. तुरीचं पीक पुरुषभर उंच असतं, आत बसलेलं मूल धुऱ्यावरून (बांधावरून) दिसणं शक्यच नाही. अशा वेळी देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आईच्या आवाजात एवढंच सांगायचं, "बाळा, कोणी रागावणार नाही, मी इथं उभी आहे, बाहेर ये." बापाला रागात बोलू देऊ नका.

मूल मतिमंद किंवा स्वमग्न असेल, ऐकू येत नसेल, बोलत नसेल, तर ते पहिल्याच क्षणी सगळ्यांना सांगा. लाजेपोटी घरचे हे दडवतात आणि तिथंच वेळ जातो. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार असते. त्यांना ओरडणं सहन होत नाही, उलट ती दूर पळतात. त्यांच्यासाठी आवडीचं गाणं हळू आवाजात लावणं हाकेपेक्षा बरं.

हाक मारायची तर घरच्या नावानं. शाळेच्या पटावर 'प्रणय' असेल, पण घरी 'गोलू' म्हणत असतील तर गोलूच. बंजारा तांड्यावरचं मूल असेल तर गोरमाटीत, कोलामांच्या पोडावरचं असेल तर कोलामीत, मेळघाटातलं असेल तर कोरकूत, गडचिरोलीकडे गोंडीत किंवा माडियात. त्यासाठी त्यांच्यातलाच एक माणूस प्रत्येक तुकडीत ठेवा. घाबरलेलं मूल अनोळखी भाषेला उत्तर देत नाही. तीनदा हाक मारायची आणि मग मिनिटभर सगळ्यांनी पूर्ण गप्प. गाड्या बंद, मोबाईल बंद, बोलणं बंद. ही शांतता पाळणं तरुणांना सगळ्यात अवघड जातं. लहान मुलाचं हुंदके देणं पन्नास पावलांवरही ऐकू येत नाही, जर दोन माणसं गप्पा मारत असतील.

वावर पाहायची पद्धत सांगतो. तलाठ्याकडून गावचा नकाशा मागा आणि गट नंबरावरून तुकड्यांना वाटून द्या. नंबर सांगितला की वावर कोणाचं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे "नाल्याकडं जा" असं मोघम राहत नाही. ज्याचं वावर, तो घरी असेल तर त्या तुकडीत तोच. कापसात किंवा सोयाबीनमध्ये एकाच दिशेनं ओळ धरून चालायचं. दोन माणसांमध्ये एवढंच अंतर ठेवायचं की मधल्या जागेत झोपलेलं मूल सुटणार नाही. तुरीत आणि उसात ते अंतर हातभरच उरतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन धुऱ्यावर काहीतरी खूण करायची, फांदी मोडा किंवा चिंधी बांधा. मग परत येऊन सांगायचं, "गट ११२, पूर्ण पाहिलं" किंवा "गट ११२, खालचा झुडपी कोपरा राहिला." राहिलं ते सांगायला कोणी लाजू नये. उजेड पडल्यावर आधी तेच कोपरे पाहायचे असतात.

हे सगळं लिहिणारा एक माणूस हवा. शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा ग्रामपंचायतीत टेबल लावून तो बसतो, शोधायला जात नाही. वहीत नाव, मोबाईल, कोणता भाग, किती वाजता गेला, किती वाजता आला. मी या कामाला गावातली शिक्षिका किंवा आशाताई घेतो, त्यांचं अक्षर चांगलं असतं आणि माणसं त्यांचं ऐकतात. पोलीस आले की ही वही त्यांच्या हातात द्यायची. मग तपासी अधिकारी सांगेल तसंच चालायचं. आमदाराचा माणूस गाडी घेऊन आला आणि त्यानं तुकड्या दुसरीकडे वळवल्या, असं होऊ देऊ नका. वहीचा दुसराही उपयोग आहे. रात्री दोन वाजता कोण परत आलं नाही हे त्यावरूनच कळतं.

कारण रात्री वावरात शोधणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो, आणि मोठा धोका विजेचा. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला काही शेतकरी कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. सौर झटका मशीनचा झटका ठोका देऊन सोडतो, ही तार माणूस सोडत नाही. ते बेकायदेशीर आहे, म्हणूनच रात्री कोणी पुढं येऊन सांगत नाही की माझ्या वावरात तार आहे. त्यामुळे पहिली तुकडी गावाबाहेर पडण्याआधी लाइनमनला फोन करून त्या शिवाराची शेतीची लाइन बंद करून घ्या आणि बंद झाल्याचं त्याच्याच तोंडून ऐका. मूल तारेजवळ पडलेलं दिसलं तरी वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे मनाला फार जड जातं, मला माहीत आहे. पण दुसरा जीव गेला तर त्या मुलाला उचलायलाही कोणी उरत नाही.

बाकी अंगावर पूर्ण पँट, पायात बूट, हातात काठी, दोघांत एक चांगली बॅटरी. घोणस आणि मण्यार रात्रीच फिरतात. दारू प्यालेल्याला परत पाठवा, कितीही जवळचा असला तरी. नुकतीच फवारणी झालेलं वावर असेल तर मालकाला विचारून तोंडाला रुमाल बांधून जा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते आपण विसरलेलो नाही. अशा वावरात मूल गळून पडलेलं सापडलं तर औषधाची बाटली किंवा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरांना त्यावरचं नाव लागतं.

जंगलाला लागून गाव असेल तर स्वयंसेवकांनी आपणहून आत शिरायचं नाही. ताडोबाच्या भोवती, ब्रह्मपुरीकडे, पेंच-नवेगावच्या कडेला वाघ आणि बिबट गावाच्या शिवेपर्यंत येतात. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आणि तेंदूच्या हंगामात मुलं आईसोबत पहाटेच जंगलात गेलेली असतात, तिथं अस्वलाचीही भीती. वनरक्षकाला बोलवा, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. वनमजुरांना पाऊलखुणा वाचता येतात आणि त्यांच्या मागेच चालायचं. तोपर्यंत जंगलाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडावर दोन माणसं उभी ठेवा. मूल बाहेर आलं तर ते त्याच वाटेनं येईल.

पाऊलखुणांवरून आठवलं. आपली काळी माती ओली असली की पोराचा पाय छापून ठेवते. पण पहिल्या तासात शंभर माणसं त्याच पांदणीनं गेली की श्वानपथक आल्यावर कुत्र्याला काही उरत नाही. शेवटचं दिसलेली जागा दोरीनं किंवा काट्यांनी अडवा. मुलाचा न धुतलेला एखादा कपडा शक्य तो त्याच्या आईनंच काठीनं उचलून स्वच्छ पिशवीत ठेवावा, बाकी कोणी हाताळू नये.

सगळी माणसं वावरात घालू नका. चार चांगली बोलणारी माणसं विचारपूस करायला ठेवा. ढोरकी, शेवटच्या एसटीचा वाहक, काळी-पिवळीवाले, कुल्फीवाला, रात्रीच्या लाइनीवर ओलिताला गेलेले शेतकरी, जागलीला बसलेले. यांनी काहीतरी पाहिलेलं असतं आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. "लाल शर्टातला मुलगा पाहिला का?" असं विचारू नका, माणूस हो म्हणून टाकतो. "संध्याकाळी या वाटेवर कोण कोण दिसलं?" असं विचारा. मूल मोठं असेल तर बसस्थानक आणि रेल्वे. बडनेरा, वर्धा, नागपूर, अकोला, बल्लारशाह इथं गाडी बदलली की मूल हजार किलोमीटर जातं. रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे, रेल्वे सुरक्षा दलाकडे अशी मुलं शोधण्याचं 'नन्हे फरिश्ते' नावाचं कामच आहे.

आता मोबाईलबद्दल. इथं मला कठोर बोलावं लागेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. मोबाईलवर फिरलेल्या अफवेपलीकडे काही नव्हतं. मूल हरवलेल्या गावात त्या रात्री पालं टाकून बसलेला बहुरूपी, चादरी विकणारा, वेडसर बाई, कोणीही असा बळी ठरू शकतो. स्वयंसेवकाचं एक काम मुलाला शोधणं, तर दुसरं काम अशा माणसाभोवती जमाव जमू न देणं. संशय असेल तर तो हळूच पोलिसांच्या कानावर घाला. हात कोणावरही उचलायचा नाही, कोणाच्या घरात किंवा पालात परवानगीशिवाय शिरायचं नाही. "देवाकडं पाहू" म्हणून भगताकडे जाणाऱ्यांनाही थांबवा. तो कुठल्यातरी दिशेला बोट दाखवतो किंवा गल्लीतल्या एखाद्या म्हातारीचं नाव घेतो, शोध तिकडे वळतो आणि त्या म्हातारीचं जगणं संपतं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो अशा वेळी बोलून दाखवा.

फोटो टाकायचा तर पोलिसांशी बोलून, एकच मजकूर ठरवून. अलीकडचा फोटो, वय, उंची, अंगावरचे कपडे, बोलते ती भाषा, कधी आणि कुठे शेवटचं दिसलं, तारीख-वेळ, आणि संपर्कासाठी ठाण्याचा नंबर. घरच्यांचा नंबर टाकला की रात्रभर भामट्यांचे फोन येतात, "पोरगा आमच्याकडे आहे, एवढे पैसे पाठवा." खचलेला बाप पाठवतोही. मूल सापडलं की ज्यानं त्यानं तो संदेश पुसायचा आणि "सापडलं" एवढंच कळवायचं. मुलावर काही अत्याचार झाला असेल तर त्याची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, तेव्हा नंतरच्या फोटोंना आणि व्हिडिओंना हात लावूच नका.

मूल दिसलं की सगळ्यांनी धावत जायचं नाही. एकानं, शक्यतो बाईनं, खाली बसून नावानं बोलवायचं. पाणी घोट-घोट. थंडीच्या रात्री सापडलं तर ओले कपडे काढून कोरड्या चादरीत, अंगाशी धरून. उन्हाळ्यात सापडलं तर सावलीत, ओल्या फडक्यानं अंग पुसत. दोन्ही वेळा १०८ ची गाडी. पाण्यातून काढलं आणि श्वास नसेल तर उलटं टांगून फिरवणं, पोट दाबणं, मिठात पुरणं यातलं काहीही करू नका. सपाट जागी उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगानं, तीस दाबांनंतर दोन श्वास, गाडी येईपर्यंत न थांबता. हे आधी हातानं शिकलेलं असेल तरच त्या रात्री जमतं. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच. आणि "कुठे गेला होतास, कोणी नेलं?" असं गर्दीत विचारायचं नाही. ते पोलीस आणि बाल कल्याण समिती विचारतील. कोणाचं आहे ते कळत नसलेलं मूल तुम्हालाच सापडलं, तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३२ प्रमाणे चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. मायेपोटीही ते घरी ठेवून घेता येत नाही.

काही वेळा मूल जिवंत सापडत नाही. तेव्हा जागेला हात न लावता पोलिसांना कळवा, चादर धरून आड करा, कोणाला मोबाईलनं फोटो घेऊ देऊ नका. घरच्यांना ही गोष्ट फोनवरून किंवा ओरडून कळता कामा नये. ज्याचं ते घर ऐकतं अशा वडीलधाऱ्यानं जाऊन, बसून सांगावं. त्या रात्री आई कोणाच्या मांडीवर डोकं ठेवेल, दुसऱ्या लेकरांना कोण जेवू घालेल, हे गावातल्या बायकांनी शोध चालू असतानाच ठरवून ठेवलेलं असावं. पहिल्या तासापासून दोन बाया आईजवळ असाव्यात, आणि त्यांनी "सापडेल गं, नक्की" असा शब्द देऊ नये. सोबत बसावं.

आणि मूल सापडलंच नाही तर? दुसऱ्या दिवशी चाळीसाचे वीस होतात, चौथ्या दिवशी घरचेच उरतात. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो, हे आईबापाला माहीत नसतं. तुमच्या गटातल्या एकानं त्या घराचा हात धरून ठेवावा. दर महिन्याला ठाण्यात सोबत जावं, 'मिशन वात्सल्य'च्या पोर्टलवर नोंद आहे ना ते पाहावं, फोटो नवा करत राहावं. या कामाला टाळ्या नाहीत, पण मला विचाराल तर स्वयंसेवक मी त्यालाच म्हणेन.

तुम्ही चाळीस जण आहात, ही मोठी ताकद आहे. पुढच्या हाकेची वाट न पाहता या पावसाळ्याआधी दोन रविवार द्या. गावचा नकाशा घेऊन बिनकठड्याच्या विहिरी, शेततळी, उघड्या बोअर आणि करंटच्या तारांची वावरं त्यावर मांडा. बोअरची यादी ग्रामसभेत ठेवा आणि ठरावाची प्रत मागून घ्या. लाइनमन, वनरक्षक, पोलिसांचा बीट अंमलदार, ढिवर समाजातले पोहणारे, आशाताई यांचे नंबर एका कागदावर लिहून शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून श्वास आणि छातीचा दाब शिकून घ्या. सुरुवात अंगणवाडीच्या वाटेवरच्या विहिरींपासून करा.